दोन हजेरीपटांच्या मधले मूल

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. त्या दिवसांत पावसच्या एसटी थांब्यावर सकाळी थोडा वेळ उभे राहिले, की मन प्रसन्न होते. पाऊस लागलेला असतो. वाड्यावाड्यांतून उतरून आलेली मुले छत्र्या सावरीत गाडीची वाट पाहत असतात. कोणाचा गणवेश नवा करकरीत, तर कोणाचा थोरल्या भावंडाचा उसवून बेतलेला. सातवीपर्यंत आपल्या वाडीच्या शाळेत गेलेली काही मुले त्या दिवशी पहिल्यांदाच हायस्कुलाच्या वाटेला लागलेली असतात. ती ओळखू येतात, कारण ती बोलत नाहीत. भाट्याच्या पुलापासून पूर्णगडापर्यंतच्या ह्या रस्त्याने आमचे नेहमीचे जाणेयेणे आहे. किनाऱ्याला विखुरलेल्या आमच्या थोड्याशा कुटुंबांकडे जाताना हे दृश्य आम्ही अनेक वर्षे पाहिले आणि दर वर्षी समाधान मानले. थांब्यावर उभी असलेली मुले आम्हांस दिसत होती. तिथे असायला हवी होती आणि नव्हती, अशी मुले किती, हा प्रश्न मात्र आमच्या मनात कधी आला नाही. तो कसा आला आणि त्याने आम्हांस कसे अस्वस्थ केले, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही खाडीकाठच्या एका वाडीत गेलो होतो. वेंगुर्ल्याकडून येऊन तेथे स्थायिक झालेले एक कुटुंब आहे; वडील मच्छीमार नौकेवर खलाशी आहेत. त्यांचा मुलगा बंदरावर जाळी उचलताना दिसला. तेरा वर्षांचा, अंगाने सडपातळ, वागण्यात अतिशय नम्र. एप्रिलमध्ये त्याच्या शाळेतील सातवीच्या मुलांच्या निरोप समारंभास आम्ही उपस्थित होतो. मुले अवघी आठ होती आणि आम्ही त्यांना चार उपदेशाचे शब्दही सांगितले होते. आम्ही सहज विचारले, "कोणत्या हायस्कुलात नाव घातलेस?" तो हसला आणि खाली पाहून म्हणाला, "शाळा सोडली, फादर."

नंतर आम्ही चौकशी केली. प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी शाळा सोडल्याचा दाखला वेळेवर तयार ठेवला होता. मूल रत्नागिरीच्या एखाद्या हायस्कुलात गेले असेल, अशी त्यांची समजूत होती आणि ती चुकीची म्हणता येणार नाही, कारण त्यांचे काम दाखल्यापाशी संपत होते. हायस्कुलाला ह्या मुलाचे अस्तित्वच ठाऊक नव्हते. जो कधी आलाच नाही, त्याची चौकशी तेथे कोण करणार? राहता राहिलो आम्ही. जून आणि जुलै ह्या दोन्ही महिन्यांत तो दर रविवारी मिस्साला आला होता, धर्मशिक्षणाच्या वर्गात बसला होता. आमच्या वहीत त्याच्या नावापुढे आठही रविवारी हजेरीची खूण आहे. आठ रविवार तो आमच्यासमोर होता आणि आम्ही त्याला एकदाही विचारले नाही, की बाळा, सोमवारी तू कोठे असतोस?

आणखी एक गोष्ट नंतर ध्यानात आली. ती आम्हांस सर्वांत अधिक लागली. आपल्या राज्यात पावसाळी मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. शाळा उघडते जूनच्या मध्यावर आणि नौका समुद्रात लोटल्या जातात ऑगस्टच्या आरंभी. ह्या मधल्या सहासात आठवड्यांत त्या घरात कोणीही असा निर्णय घेतला नव्हता, की ह्या मुलाचे शिक्षण आता थांबवायचे. दाखला आणायचा राहिला होता. हायस्कूल लांब, एसटीची वेळ अडचणीची, आई आजारी, गणवेशाचे पैसे बंदी उठल्यावर येणार. "पुढल्या आठवड्यात बघू" असे म्हणता म्हणता आठवडे गेले. मग बंदी उठली, नौकेवर एक हात कमी होता आणि मुलगा चढला. मुलाच्या आयुष्यातील एवढा मोठा निर्णय कोणी घेतलाच नाही. तो आपोआप घडला. त्या आठवड्यांत कोणीही एक माणूस दारात जाऊन उभा राहिला असता, तर बहुधा घडला नसता.

ह्या एका मुलावरून सबंध समाजाबद्दल निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही, म्हणून आम्ही आकडे पाहिले. केंद्र सरकारच्या 'यूडायस प्लस' ह्या शालेय माहितीसंग्रहानुसार २०२४-२५ ह्या वर्षी देशात पाचवीतून सहावीत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण शेकडा ९२.२ होते आणि आठवीतून नववीत जाणाऱ्यांचे ८६.६. आदल्या वर्षी हेच आकडे ८८.८ आणि ८३.३ होते. म्हणजे सुधारणा होत आहे आणि तिचे श्रेय ज्यांचे त्यांना दिले पाहिजे. पण ८६.६ ह्याचा दुसरा अर्थ असा, की आठवीच्या शंभर मुलांमधली तेराचौदा मुले नववीच्या वर्गात पोहोचली नाहीत. काही त्याच वर्गात राहिली असतील, काहींची नोंद चुकली असेल. उरलेली कोठे गेली? 'असर' ह्या नावाने दर वर्षी ग्रामीण शिक्षणाची पाहणी प्रसिद्ध होते. तिच्या २०२३ च्या अहवालात, निवडक जिल्ह्यांतील चौदा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ३.९ मुले कोणत्याही शाळेत नव्हती. अठराव्या वर्षी हे प्रमाण ३२.६ झाले होते.

आमचे वाचक म्हणतील, की हे देशाचे आकडे झाले. आपले कोकण तसे नाही. हे पुष्कळ अंशी खरे आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यातील साक्षरता शेकडा ८२ हून अधिक होती. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ह्या दोन जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ २०१२ साली स्थापन झाले. तेव्हापासून दहावीच्या निकालात ते राज्यात पहिले येत आले आहे. मार्च २०२४ च्या परीक्षेत राज्याचा निकाल ९५.८१ टक्के लागला, तर कोकणाचा ९९.०१ टक्के. ह्या यशाचा आम्हांसही अभिमान आहे. तथापि निकालाची टक्केवारी कशी काढतात, ह्याचा क्षणभर विचार करू. परीक्षेस जे बसले, त्यांपैकी उत्तीर्ण किती, एवढेच ती सांगते. जो सातवीनंतर नौकेवर गेला, तो नापासही झालेला नाही, कारण तो बसलाच नाही. शंभरांतल्या नव्याण्णवांचा हिशेब लागला, पण शंभर मोजताना तो मुलगा मोजला गेला होता का, ह्याचे उत्तर निकालपत्रात मिळत नाही.

मुले नेमकी ह्याच ठिकाणी का निसटतात, हे समजण्यासाठी आपल्या शिक्षणव्यवस्थेची रचना पाहावी लागेल. आपल्या राज्यात पूर्वापार चौथीपर्यंतची शाळा, सातवीपर्यंतची पूर्ण प्राथमिक शाळा आणि त्यापुढे माध्यमिक विद्यालय अशी घडण झाली. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास आठवीपर्यंतच्या मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि पहिली ते पाचवी, सहावी ते आठवी असे टप्पे धरले. जुन्या इमारती आणि नवा कायदा ह्यांची सांगड सर्वत्र नीट बसलेली नाही. पुष्कळ वाड्यांत शाळा सातवीला संपते आणि हक्क आठवीला. म्हणून हक्क शिल्लक असतानाच मुलाला शाळा बदलावी लागते. पुढे आठवी संपली, की शाळेतील दुपारचा पोषण आहार संपतो आणि सरकारकडून मिळणारी मोफत पाठ्यपुस्तके संपतात. त्याच सुमारास मूल चौदा वर्षांचे होते आणि धोक्याची नसलेली कामे त्याला करू देण्यास कायद्याची हरकत उरत नाही. आधार देणारे इतके हात एकाच उंबरठ्यावर सुटतात. ह्यामागे कोणाचा दुष्ट हेतू नाही. प्रत्येक योजना आपल्या मर्यादेपर्यंत चांगले काम करते आणि थांबते. सर्वांच्या मर्यादा एकाच जागी येतात, हे मात्र ज्या मुलाला ओलांडून जायचे असते, त्यालाच कळते.

त्यातच आपला जिल्हा रिकामा होत चालला आहे. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजारांवर आली. माणसे मुंबईस गेली, त्यांच्यामागून मुले गेली आणि वाडीच्या शाळांतील पट घसरला. दहाहून कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत सामावून घेण्याची भूमिका शासनाने २०१७ च्या अखेरीस मांडली. २०२३ साली वीस किंवा त्याहून कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळांच्या जागी समूहशाळांचा विचार पुढे आला. मार्च २०२४ च्या शिक्षकसंख्येविषयीच्या निर्णयानंतर सहावी ते आठवीच्या छोट्या वर्गांना शिक्षक उरणार की नाही, ह्याची चिंता गावोगाव सुरू झाली. चार मुलांच्या वर्गात मुलांची वाढ खुंटते, असे अधिकारी म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. शाळा लांब गेली, तर मूल घरी बसते, असे पालक म्हणतात आणि त्यातही तथ्य आहे. ग्रामीण विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाने एसटीचा मोफत पास मिळतो. ह्या एका सोयीने किती मुलींना हायस्कूल दाखवले असेल, ह्याचा अंदाज थांब्यावरच्या मुलींकडे पाहून यावा. परंतु पास असून चालत नाही, गाडीही यावी लागते आणि अंधार पडण्यापूर्वी परतावी लागते.

हा उंबरठा काही आजचा नाही. ह्याच जिल्ह्यातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली मराठी सहावीच्या परीक्षेसाठी सोबत्यांसह कुंभार्ली घाट चढून, शंभराहून अधिक मैल पायी चालून साताऱ्यास गेले. तेथे परीक्षा मंडळाच्या प्रमुखांनी त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्यांना परत पाठविले. वय पुरेसे होते. देह लहान होता. पुढे कोल्हापुरास जाऊन ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. पालगडच्या साने गुरुजींना गावची शाळा संपल्यावर दापोलीच्या मिशन शाळेत जावे लागले आणि तेथेही घरच्या गरिबीमुळे शिक्षण अडल्यावर औंधची वाट धरावी लागली. खुद्द पावसचे स्वामी स्वरूपानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे रामचंद्र विष्णू गोडबोले, ह्यांनाही गावातले शिक्षण संपताच प्रथम रत्नागिरीस आणि मग मुंबईस जावे लागले. असहकाराच्या काळात ते गावी परतले आणि गावातल्या मुलांसाठी त्यांनी स्वावलंबनाचे शिक्षण देणारी शाळा काढली. ज्याने स्वतः गाव सोडण्याचे दुःख अनुभवले, त्याला गावात शाळा असण्याचे मोल कळले, असे त्याविषयी आम्हांस वाटते. गुहागर तालुक्यातील कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले आणि देशाला तसा हक्क कायद्याने मिळण्यास २०१० साल उजाडावे लागले.

ही चरित्रे आपण मुलांना सांगतो आणि सांगावीत. पण ती सांगताना आपल्या हातून एक चूक होते. आपण म्हणतो, "बघ, ते घाट चढून गेले, तुला एसटी असून जमत नाही?" घाट ओलांडून जे गेले, त्यांचीच चरित्रे लिहिली जातात. साताऱ्याहून परत पाठविल्यावर ज्याला पुन्हा चालणे परवडले नाही, अशा मुलाचे चरित्र कोणी लिहिले नाही. निकालाच्या टक्केवारीत जी उणीव आहे, तीच आपल्या प्रेरक कथांतही आहे. दोन्हीत पोहोचलेल्यांचीच मोजदाद होते.

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे वळू. ह्या मुलाचे उत्तरदायित्व कोणाचे? पहिले उत्तर अर्थातच आईवडिलांचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यात आईवडील हे मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, असे स्पष्ट प्रतिपादन आहे. शिक्षणाचा हक्क हा प्रत्येक मनुष्याचा असून तो कोणाला हिरावून घेता येत नाही, असेही तोच जाहीरनामा सांगतो. आपला कायदाही मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य मानतो. परंतु त्या मुलाच्या वडिलांशी बोलताना आम्हांस हे सारे ज्ञान अपुरे वाटू लागले. ते रागावले नाहीत. मच्छी उतरवून आलेल्या माणसाच्या थकलेल्या स्वरात त्यांनी आम्हांस विचारले, "शिकान काय करतलो, फादर? धावी झालेले मुंबयक गेले, ते थंयच रवले. ह्यो हंय रवलो, तर घर तरी उघडा रवात."

वाचकहो, कोकणातील कुलूप लावलेली घरे ज्याने पाहिली आहेत, त्याला ह्या प्रश्नाची थट्टा करता येणार नाही. शिक्षण आमची मुले आमच्यापासून घेऊन जाते, अशी ही तक्रार आहे. शिकून नोकरी नक्की मिळेल, असे आम्ही त्यांना सांगू शकलो नाही, कारण ते खरे नव्हते. हाताच्या कामाला कमी लेखणेही आम्हांस शक्य नव्हते. आपला प्रभू नाझरेथच्या सुताराच्या घरी वाढला आणि त्याचे पहिले शिष्य जाळी टाकणारेच होते. मग सातवीनंतर नौकेवर जाण्यात वाईट ते काय?

ह्याचे उत्तर आम्हांस पुष्कळ दिवस नीट सापडले नव्हते. आज आम्हांस असे वाटते, की वाईट नौकेत नाही. तेराव्या वर्षी मुलाच्या वतीने एक दार बंद होते आणि तिथे दार होते हे त्याला कळण्याआधीच ते होते, वाईट आहे ते ह्यात. विसाव्या वर्षी त्याने समुद्र निवडला, तर ती त्याची निवड असेल आणि आम्ही त्याची नौका आनंदाने आशीर्वादित करू. तेराव्या वर्षी त्याच्यासाठी निवड केली ती घरातल्या अडचणीने. मूल ही आईवडिलांना परमेश्वराने दिलेली ठेव आहे. ठेव राखणाऱ्याचा अधिकार मोठा असतो, पण ठेवीचा मालक होण्याइतका नसतो. तथापि हे वाक्य पालकांना सुनावण्याचा हक्क आपणांस केव्हा मिळतो? ज्याच्या घरी आजारपण आहे आणि ज्याच्या नौकेवर हात कमी आहे, त्याचे ओझे थोडे तरी आपण उचलल्यानंतर. त्याआधी केलेला उपदेश म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर जड ओझे चढवून त्याला स्वतःचे बोटही न लावणे होय. प्रभूने अशा धर्मपंडितांविषयी काय म्हटले, ते आपणांस ठाऊक आहे.

दुसरा एक आक्षेप सुशिक्षितांकडून येतो. "सगळ्याच मुलांना अभ्यासात गती नसते, बळेबळे बसवून काय साधणार?" ह्यावर 'असर'च्या त्याच अहवालातील एक नोंद विचारात घ्यावी. चौदा ते अठरा वयोगटातील सुमारे पंचवीस टक्के मुलांना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा अस्खलित वाचता आला नाही. असे मूल वर्गांमागून वर्ग पुढे सरकते आणि एके दिवशी थांबते. आपण म्हणतो, की त्याला गती नव्हती. आणि दुःखाची गोष्ट अशी, की तेही स्वतःविषयी तेच म्हणू लागते. वर्षानुवर्षे त्याला वाचता येत नाही, हे ज्यांच्या लक्षात यायला हवे होते त्यांच्या आले नाही, ह्याचे खापर शेवटी मुलाच्या डोक्यावर फुटते.

संत लूकच्या शुभवर्तमानातील हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे आणि आम्ही त्यावर अनेकदा प्रवचन केले आहे. शंभर मेंढरांतले एक हरवते आणि मेंढपाळ नव्याण्णव मागे ठेवून त्याच्या शोधात जातो. आम्ही नेहमी त्या शोधावर आणि परतीच्या आनंदावर बोलत आलो. ह्या प्रसंगानंतर आमचे लक्ष दाखल्याच्या आरंभाकडे गेले. एक हरवले आहे, हे त्या मेंढपाळाला कळले कसे? त्याने मोजले होते म्हणून. त्याला आपला आकडा शंभर आहे, हे पक्के ठाऊक होते. ज्याच्या लेखी कळप म्हणजे समोर दिसतात तेवढी मेंढरे, त्याचे मेंढरू कधीच हरवत नाही. त्याचा निकाल नेहमीच शंभर टक्के लागतो. मोजणे हे कारकुनाचे कोरडे काम आहे, असे आपण समजतो. वस्तुतः प्रीतीचा आरंभ पुष्कळदा मोजण्यातून होतो. जेवायला बसताना आई पाने मांडते, तेव्हा मोजते आणि एक पान रिकामे राहिले, तर दाराकडे पाहते.

आपल्या ख्रिस्तसभेने हे पूर्वी ओळखले होते. संत जोसेफ कॅलसेन्झ ह्यांनी १५९७ साली रोममधील त्रास्तेव्हेरे वस्तीत गरीब मुलांसाठी मोफत शाळा उघडली, ती रस्त्यांवर हिंडणारी मुले त्यांच्या नजरेला पडली म्हणून. वर उल्लेखिलेला जाहीरनामाही सांगतो, की कॅथलिक शाळांनी विशेष काळजी घ्यावयाची ती गरिबांची, कुटुंबाच्या आधाराला पारखे झालेल्यांची आणि ज्यांना आपल्या श्रद्धेचे दान मिळालेले नाही त्यांची. ह्या कसोटीवर आपल्या शिक्षणसंस्थांनी स्वतःला तपासावे. आपल्या अनेक शाळांत प्रवेश मिळतो तो बालवर्गात. खेड्यातील मराठी शाळेतून सातवी होऊन आलेल्या मुलाला आठवीत शिरायला जागा किती असते? काही ठिकाणी, शाळेचा शंभर टक्के निकाल राखण्यासाठी नववीतील कच्च्या मुलाला सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसण्याचा सल्ला दिला जातो. ही रीत आपल्या आवारात कोठे असेल, तर नव्याण्णव मेंढरांची शोभा बिघडू नये म्हणून शंभरावे आपणच बाहेर काढले, असे होईल. आम्हीही अशा संस्थांच्या बैठकांना बसलो आहोत आणि निकालाच्या फलकाखाली उभे राहून हार स्वीकारले आहेत. म्हणून हे लिहिताना आम्ही स्वतःला वगळीत नाही.

आणि शंभर म्हणजे तरी कोण? पावसच्या आसपासच्या आंबाबागांत राखणीसाठी दर वर्षी नेपाळहून माणसे येतात, काही कुटुंबासह. जांभ्याच्या चिरेखाणींवर कर्नाटकातून आलेली कुटुंबे राबतात. त्यांची मुले मोसमाबरोबर येतात आणि मोसमाबरोबर जातात. शाळेचे वर्ष जूनला सुरू होते आणि बागेचे दिवाळीनंतर. ही मुले दोन हजेरीपटांच्याच नव्हे, तर दोन प्रांतांच्या, कधी दोन देशांच्या मधोमध असतात. ह्या कळपात नसलेली मेंढरेही आपलीच आहेत, असे आपल्या मेंढपाळाने सांगून ठेवले आहे. त्यामुळे ती आमच्या धर्मग्रामातील नाहीत, असे म्हणून आमची सुटका होत नाही.

कायद्यानुसार चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे. ते त्याने करावे, असा आग्रह आपण धरू. तसेच वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही आणि दाखला यायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून मूल परत पाठविता येत नाही, हेही पालकांना सांगू. परंतु सरकारचे काम झाले नाही म्हणून आपलेही राहिले, असे उत्तर आम्ही अंतिम न्यायाच्या दिवशी देऊ शकू, असे आम्हांस वाटत नाही. आमच्याजवळ एक नोंदवही आहे, जी कोणत्याही शाळेजवळ नाही. ती म्हणजे बाप्तिस्म्याची. तीत मुलाचे नाव पहिल्यांदा लिहिले जाते आणि त्यानंतर कोणत्याही परीक्षेत नापास झाले म्हणून खोडले जात नाही. ह्या वर्षीपासून आम्ही त्या वहीवरून पाच ते अठरा वर्षांच्या सर्व मुलांची यादी काढतो. जूनच्या अखेरीस आणि पुन्हा दिवाळीनंतर प्रत्येक नावापुढे एवढेच विचारतो: सध्या कोणत्या शाळेत, कितवीत? उत्तर मिळाले नाही, तर कोणीतरी त्या घरी जाते. बागांतली आणि खाणींवरची मुले त्या वहीत नाहीत. त्यांच्यासाठी शेवटची दोन पाने कोरी सोडली होती, ती भरू लागली आहेत. काम लहान आहे. कोणाला एसटीच्या पाससाठी फॉर्म भरून द्यायचा असतो, कोणाला पहिल्या दिवशी हायस्कुलाच्या फाटकापर्यंत सोबत हवी असते, कोणाला रत्नागिरीत आठवडाभर राहण्यासाठी एखादे घर लागते. आपल्या शहरातील कुटुंबांत अशी एखादी खोली, निदान एखादा कोपरा, नाही काय?

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. सप्टेंबरमध्ये त्याचे नाव आठवीत दाखल झाले. हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांनी खळखळ केली नाही. वडिलांनी अट घातली, की सुट्टीच्या दिवशी तो नौकेवर येईल, आणि ती आम्ही मान्य केली. ती योग्य होती की नाही, ह्याविषयी आमच्या मनात अजून शंका आहे. तो नियमित जातो, असे आम्ही म्हणू शकत नाही. गणितात फार मागे आहे. पुढे आठवी संपेल, नववीचा उंबरठा येईल आणि तेव्हा तो पुन्हा थांबेल की काय, हे आम्हांस माहीत नाही. मात्र आता तो गैरहजर राहिला, तर त्याची गैरहजेरी लागते. वर्गशिक्षिका फोन करतात आणि आम्ही खाडीच्या वाटेला लागतो. ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याची गैरहजेरी कोणी लावत नाही. निदान तेवढे तरी त्याला परत मिळाले आहे.

वाचकहो, आपल्या शेजारी, आपल्या नात्यात, आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईच्या पाठीमागे उभे असलेले एखादे सातवी-आठवीचे मूल असेल. येत्या जूनमध्ये त्याला एवढेच विचारा, की आता कोणत्या शाळेत जाणार? उत्तर ऐकण्यास थांबा. ते गप्प राहिले, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जा. आम्ही आठ रविवार गेलो नाही. तो हिशेब आमच्या नावावर आहे.